पेटी शाबूत, किल्ली गहाळ

दसरा उलटला की कोकणात घरे झाडावयास निघतात. पावसाळ्याची ओल भिंतींतून उतरत आलेली असते, अंगण चोपावयाचे असते, आणि माळ्यावर चार महिने कोंडून पडलेल्या वस्तूंना एकदा ऊन दाखवावयाचे असते. रत्नागिरीच्या आसपासच्या कोणत्याही जुन्या घरात जा; या दिवसांत एक पत्र्याची पेटी खाली आलेली दिसेल. तिच्यात लग्नातल्या शालूपेक्षाही जपून ठेवलेले कागद असतात. ते कोणी वाचीत नाही, आणि कोणी टाकूनही देत नाही.

२०२४ साली आमच्या घरी अशा दोन पेट्या निघाल्या. एक नेहमीची, पणजोबांची. दुसरी तळहातावर मावेल एवढी. ती म्हणजे आमच्या वडिलांचा, अण्णांचा, मोबाईल फोन.

अण्णांना जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. हापूसची बाग हा त्यांचा संसार आणि हिशेब हा त्यांचा स्वभाव. बागेची वही ते वर्षानुवर्षे हाताने लिहीत. पुढे मोतीबिंदूने डोळ्यांवर पडदा धरला, बारीक अक्षर दिसेना, तेव्हा माझ्या भाच्याने २०१४ साली त्यांस एक फोन आणून दिला आणि त्यात हिशेबाचे एक ॲप घालून दिले. ॲप म्हणजे फोनात नेमून ठेवलेला, एकाच कामापुरता कारकून, असे मी अण्णांना समजावून सांगितले होते. ती कल्पना त्यांना फार आवडली. सत्तरीच्या घरातले ते गृहस्थ रोज दिवेलागणीला पडवीत बसून त्या कारकुनाला मजकूर सांगू लागले. कोणत्या कलमाला किती मोहोर आला, फवारणी केव्हा झाली, किती पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या, सारे त्यात. बागेत १४३ कलमे. प्रत्येकास क्रमांक, आणि क्रमांकापुढे ते कोणी लावले, केव्हा लावले, रोप कोठून आणले. जुन्या वह्यांतील कामाचे तेवढे त्यांनी त्यात उतरून घेतले, आणि वह्या पुढे वाळवीने संपविल्या.

याच मजकुराची आम्हांस गरज पडली. थोरल्या काकांचे चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, यांचे म्हणणे की खालच्या अंगाची सहा कलमे त्यांच्या वडिलांची. आमचे म्हणणे, आमची. सहा कलमांपायी दोन चुली दोन वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. अण्णांच्या फोनात खरे काय ते लिहिलेले असणार, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. भांडणात एवढे एकमतही थोडके नव्हे!

परंतु तो फोन २०२४ च्या पावसात पागोळ्यांखाली राहिला आणि कायमचा मिटला. भाच्याने त्यातील स्मृतिपट्टी, म्हणजे नखाएवढे ते मेमरी कार्ड, बाहेर काढले. त्यावर अण्णांच्या हिशेबाची प्रत सुखरूप होती. "मामा, काळजी करू नका, नव्या फोनात ॲप घातले की झाले," असे तो म्हणाला. नवा फोन आणला. ॲप मागविले, तर उत्तर आले की हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी केलेले असल्यामुळे आपल्या फोनाशी जुळत नाही. भाच्याने कोठूनशी त्याची जपलेली प्रत आणून बसवू पाहिली. फोनाने ती घेण्याचेच नाकारले. हिशेब आहे, पण तो वाचणारा कारकून दारातूनच परत पाठविला जात आहे!

त्याच आठवड्यात पणजोबांच्या पेटीतील रुमाल सोडला. आत १८९३ सालचे फाळणीपत्र निघाले. लिपी मोडी. घरात कोणालाही एक अक्षर लागेना. राजापूरच्या बाजूस मोडी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत असे कळले, तेव्हा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. आठ दिवसांत त्यांनी अक्षरन् अक्षर वाचून दिले. विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची किती दिवस, फणस कोणाचा, वाट कोणत्या गडग्यावरून, सारे उलगडले.

एकशे एकतीस वर्षांपूर्वीचा कागद आठ दिवसांत बोलू लागला आणि दोन वर्षांपूर्वीचा हिशेब मुका राहिला. हा उफराटा प्रकार कसा, याचा शोध घेता घेता हा लेख झाला. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. मुलांना शिकवितो आणि कादंबऱ्या लिहितो. तेव्हा पांडित्य न शोधता, शेजारी पडवीत बसून बोलतो आहे असे समजून वाचकांनी हे वाचावे.

* * *

पहिली किल्ली मोडीची. यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने, आपल्या हेमाडपंताने, ही लिपी आणली अशी परंपरा तेराव्या शतकापासून सांगतात. ती कशी आली याविषयी पंडितांनी वाद घालावा. ती का टिकली हे मात्र कोणासही समजण्यासारखे आहे. कारकुनाला घाई असते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लोंबवीत जावयाची. ऱ्हस्वदीर्घाची पंचाईत नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांत जागा सोडण्याचे बंधन नाही. लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याची परीक्षा! शिवकाल आणि पेशवाई यांचा बहुतेक राज्यकारभार याच लिपीत झाला.

छापखाने आले तेव्हा मोडी लगेच मागे हटली असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपैकी विल्यम कॅरे याने १८१० साली मराठीचा कोश छापला तो मोडी खिळ्यांत. परंतु एकमेकांत गुंतलेली ही अक्षरे खिळ्याखिळ्यांनी जुळविण्यापेक्षा सुटी, ठळक बाळबोध अक्षरे छापखान्यास सोयीची होती. पुस्तके बाळबोधीत निघू लागली. मग १९१७ साली मुंबई सरकारने कारभारातही मोडीच्या जागी बाळबोध आणण्याचे ठरविले. घरगुती पत्रे आणि दुकानांच्या वह्या यांत मोडी आणखी पंचवीस-तीस वर्षे चालली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच ती शाळांतूनही उठली.

येथे कोणी दुष्टपणा केला असे म्हणता येत नाही. एक लिपी सर्वांना यावी, छापलेले आणि लिहिलेले एकसारखे असावे, हा हेतू चांगलाच होता. पण परिणाम काय झाला? आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना. वाळवीने खाल्लेले कागद थोडे आणि कोणास लागत नाहीत म्हणून रद्दीत गेलेले कागद पुष्कळ, अशी स्थिती आली. तशात दुसरी किल्लीही बदलली. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, त्यामागून किलो-मीटर आले. मण, शेर, पायली, आणे आणि पै ही मापे पाठ असणारी पिढी गेली, तेव्हा जुना हिशेब वाचता आला तरी समजेनासा झाला.

तरीही ही पेटी उघडली गेली, ती माणसांमुळे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत राहिले; त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून दिले. आज राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे वर्ग भरतात आणि तरुण मुले त्यांत येऊन बसतात. म्हणजे मोडीची किल्ली हरवली तरी ती पुन्हा घडविता येते. कारण कागदावर जे आहे ते डोळ्यांना दिसते, आणि पाहणारा चिकाटीचा असला की एक दिवस ते लागते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

* * *

दुसरी किल्ली संगणकावरच्या मराठीची. तिचा फटका मला स्वतःलाच बसला आहे.

माझी पहिली कादंबरी २००५ साली रत्नागिरीतल्या एका अक्षरजुळणीच्या दुकानात संगणकावर जुळविली गेली. पुस्तक निघाले, प्रती संपल्या. दहा-बारा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढण्याचा योग आला, तेव्हा जपून ठेवलेली तबकडी काढली आणि दुसऱ्या संगणकावर लावली. पडद्यावर माझ्या नायिकेच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची खूण आणि उलट्या मात्रा यांचा बाजार उभा राहिला. एका ओळीचाही अर्थ लागेना.

असे का व्हावे? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्या काळच्या पद्धतीत एका टंकात २५६ खण असत. त्यांतले निम्मे रोमन अक्षरे, आकडे आणि खुणा यांनी आधीच व्यापलेले. देवनागरीला स्वतःची जागाच नव्हती. मग आमच्या कल्पक मंडळींनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांचेच खण घेतले आणि त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे चढविले. आमच्याकडे दशावतारात रात्री जो रावण गर्जना करितो, तो सकाळी शेतावर जाणारा एखादा साधा गृहस्थ असतो. तसेच हे. वरून 'क' दिसतो, आत मात्र रोमन अक्षर बसलेले. आणि प्रत्येक मंडळीने सोंगे आपापल्या मर्जीने वाटली. श्रीलिपीचा 'क' ज्या खणात, तेथे आकृतीचा 'क' असेलच असे नाही. कृतिदेवाची तऱ्हा आणखी निराळी. ज्या टंकात मजकूर जुळविला तो टंक संगणकावर नसला की मुखवटे गळून पडतात आणि आतला रोमन रावण नागडा दिसू लागतो. माझ्या कादंबरीचे तसेच झाले. तिच्या तबकडीत मराठी कधी नव्हतीच, मराठीचे सोंग होते!

आपल्याकडे याचा विचार कोणी केला नव्हता असे मात्र नाही. कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये भारतीय लिपींचे काम सुरू झाले होते. १९८८ साली पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाल्यावर ते तेथे वाढले. भारतीय लिपींसाठी एकच संकेत असावा म्हणून 'इस्की' नावाची योजना ठरली, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने तिला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एका छत्राखाली आणणारा युनिकोड प्रसिद्ध झाला. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या आपल्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. युनिकोडात 'क' चा क्रमांक २३२५. तो रत्नागिरीत २३२५, लंडनला २३२५, आणि टंक कोणताही वापरा, २३२५ च. सोंग संपले, अक्षराला स्वतःचे नाव मिळाले.

परंतु मानक ठरणे निराळे आणि ते घरोघर पोचणे निराळे. विंडोज २००० मध्ये युनिकोडातील मराठीची सोय आली, तरी छापखाने आणि कचेऱ्या पुढेही वर्षानुवर्षे जुन्याच टंकांवर काम करीत राहिल्या. हाताला वळण पडलेले, सवय मोडवत नाही. त्या वर्षांत जुळविलेली पुस्तके, अंक आणि सभांची इतिवृत्ते यांतील किती तबकड्या आज कपाटांत मुक्या पडल्या असतील, देव जाणे.

माझी कादंबरी शेवटी एका परिवर्तकातून काढून युनिकोडात आणली. ते यंत्र अक्षरे ओळखते, पण 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक त्याला उमगला नाही. माझा नायक सह्याद्रीच्या दऱ्यांत हिंडत होता. यंत्राने त्याला समुद्रात सोडले. सर्व पृष्ठे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहण्यात एक उन्हाळ्याची सुटी गेली. छापील प्रत होती म्हणून कादंबरी वाचली.

* * *

आता तिसरी किल्ली, फोनाची. येथे कुलपे फार वेगाने बदलतात.

एके काळी घरोघर नोकियाचे फोन होते. त्यांतील सिम्बियन या व्यवस्थेसाठी केलेली ॲप हौसेने वापरली जात. २०१४ च्या आरंभापासून त्या व्यवस्थेसाठी नवी ॲप घेणे नोकियाने बंद केले. व्हॉट्सॲपने नोकियाच्या साध्या एस-४० फोनांचा आधार २०१८ च्या अखेरीस काढला आणि विंडोज फोनांचा २०१९ च्या अखेरीस. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलच्या फोनांची अकरावी आवृत्ती आली, आणि ३२ बिटांची सारी ॲप तिच्यावर एका दिवसात निकामी झाली. गूगलने ऑगस्ट २०१९ पासून आपल्या दुकानातील ॲपकर्त्यांस ६४ बिटांची आवृत्ती देण्याचे बंधन घातले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइडची चौदावी आवृत्ती निघाली. २०१५ पूर्वीच्या अँड्रॉइडसाठी बेतलेले ॲप नव्याने बसविण्यास ती नकारच देते. अण्णांचा कारकून दारातून परत गेला तो याच नियमाने.

हे बिटांचे प्रकरण काय आहे? पोस्टमनाचे उदाहरण घ्या. पत्त्यात घराच्या आकड्यासाठी तीनच रकाने असले, तर ९९९ च्या पुढच्या घराला पत्र जाणार नाही. ३२ बिटांच्या यंत्राला सुमारे ४२९ कोटी खणांपर्यंतच पत्ते लिहिता येतात. फोनांची स्मृती त्यापलीकडे गेली तेव्हा पत्त्याचे रकाने वाढविणे भाग पडले. काही वर्षे जुना आणि नवा असे दोन्ही पोस्टमन ठेवता येतात. पण दोघांचा खर्च आणि दोघांचा संसार सांभाळण्यापेक्षा एक दिवस जुन्याला निवृत्त केले जाते.

दुसरे कारण चोरांचे. २०१५ पूर्वीची ॲप एकदा घरात आली की पत्त्यांची वही, छायाचित्रे, निरोप हे सारे पुन्हा न विचारता पाहू शकत. त्यानंतर नियम झाला की प्रत्येक खोलीत जाण्यापूर्वी ॲपने दार ठोठवावे. लबाड मंडळी मुद्दाम जुन्या नियमाची ॲप करून या दारठोठावणीतून निसटू लागली, म्हणून नव्या आवृत्तीने जुन्या नियमाचे कोणतेच ॲप घ्यावयाचे नाही असे ठरविले. चोरासाठी लावलेल्या कुलपात आमच्या अण्णांचा गरीब कारकून अडकला. कुलूप लावणाऱ्याला मी चूक म्हणत नाही. आमच्या वाडीतील किती वृद्धांचे पैसे फोनावरून चोरीस गेले आहेत, हे मी पाहिले आहे. पण प्रश्न उरतोच. ज्याने ते ॲप केले त्याने ते केव्हाच सोडून दिले असेल तर नव्या दाराजोगा पोशाख त्याला कोणी शिवावयाचा? मोडीचा लेखक मेला तरी त्याची लिपी मरत नाही. ॲपचा कर्ता नुसता कंटाळला तरी ॲप मरते.

आणि हा काही श्रीमंतांच्या खेळण्यांचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांना २०१९ साली कामासाठी फोन देण्यात आले. बालकांची वजने, आहार, हजेरी यांची नोंद त्यांवर करावयाची. २०२१ साली केंद्र सरकारने आधीचे ॲप बदलून 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आणले. फोनांची स्मृती दोन जीबीची. सेविकांची तक्रार की नवे ॲप त्यांना पेलवत नाही, फोन तापतात, थांबतात, आणि दुरुस्तीचा भुर्दंड आमच्याच पदरी येतो. शिवाय नोंदी मराठीतून करता याव्यात ही मागणी होतीच. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतून सेविकांनी ते फोन कचेऱ्यांत नेऊन परत केले. आमच्या पेटीत सहा कलमांचा निकाल अडकला होता. त्यांच्या पेटीत मुलांची वजने होती. दोनच वर्षांत फोन जुना ठरावा आणि त्याचा बोजा सर्वांत कमी मोबदला घेणाऱ्या बाईच्या डोक्यावर पडावा, हे काही बरे नव्हे.

आमच्या शाळेचाही एक अनुभव सांगतो. गावकऱ्यांनी वर्गणी काढून संगणक आणि पाठांच्या तबकड्या घेतल्या होत्या. त्या पाठांतील हलती चित्रे फ्लॅश नावाच्या साधनावर चालत. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या साधनाचा आधार संपला, आणि काही दिवसांनी ते चालेनासेच झाले. करोनाची टाळेबंदी उठून मुले शाळेत परत आली तेव्हा हृदयाचे ठोके दाखविणारे चित्र काळे पडले होते. मी फळ्यावर खडूने हृदय काढले. फळ्याला आवृत्ती नसते.

* * *

हे आपल्याकडेच घडते असे समजून मान खाली घालण्याचे कारण नाही. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने साऱ्या मुलखाची पाहणी करवून 'डोम्सडे बुक' लिहविले. चामड्यावर शाईने लिहिलेला तो ग्रंथ आजही वाचता येतो. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी. बी. सी.ने नवा डोम्सडे केला. शाळाशाळांतील मुलांनी आपापल्या गावांची माहिती लिहिली, छायाचित्रे दिली, आणि ते सारे खास तबकड्यांवर भरले. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीचे चामडे बोलत राहिले आणि मुलांचे डोम्सडे मुके होण्याच्या बेतात आले. पुढे लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या अभ्यासकांनी २००२ साली एक युक्ती यशस्वी केली. नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यावयास लावले आणि तबकड्यांतील मजकूर पुन्हा पाहता आला. पुन्हा दशावतारच! एका सोंगाने जे मुके केले होते ते दुसऱ्या सोंगाने बोलते केले.

उलट, जे वेळोवेळी नव्या घरात नेले ते टिकले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची दुसरी, वाढविलेली आवृत्ती झाली, आणि पुढे शिकागो विद्यापीठाने तो कोश संगणकावर आणून सर्वांना मोकळा केला. शिशाच्या खिळ्यांपासून फोनाच्या काचेपर्यंत तो आला तो आपल्या पायांनी नव्हे. प्रत्येक मुक्कामाला कोणीतरी त्याला उचलून घेतले. मोडीचेही पाहा. शाळेने टाकलेल्या या लिपीला जून २०१४ मध्ये युनिकोडात स्वतःचे क्रमांक मिळाले. अण्णांना फोन दिला तेच वर्ष. त्या वर्षी पणजोबांच्या लिपीला नवे घर मिळत होते आणि अण्णा जुन्या होऊ घातलेल्या घरात आपला संसार मांडीत होते. आम्हां कोणास त्याची गंधवार्ता नव्हती.

* * *

आता आमच्या पेटीचे काय झाले ते सांगावयास हवे.

नरकचतुर्दशीच्या चार दिवस आधी लांज्याहून ताई आली. सारी हकीकत ऐकून ती म्हणाली, "अरे, अण्णांनी माझ्याही फोनात तोच कारकून घालून दिला होता. भिशीचा हिशेब ठेव म्हणून. तो फोन खणात पडला आहे सहा वर्षे." भाचा तसाच लांज्याला गेला आणि फोन घेऊन आला. आतली बॅटरी फुगून पाठीचे झाकण उचलले गेले होते. रत्नागिरीच्या बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने तिच्या मापाची दुसरी बॅटरी हुडकून बसविली. फोन सुरू झाला. अण्णांची स्मृतिपट्टी आत सरकविली आणि कारकुनाला हाक मारली. पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरांत पहिली ओळ आली, "कलम क्रमांक १." ताईने पदर डोळ्यांना लावला.

तो फोन किती दिवस चालेल याचा भरवसा नव्हता. म्हणून तीन रात्री आम्ही पडवीत बसलो. ताई वाचीत होती, मी जाड पुठ्ठ्याच्या वहीत शाईने लिहीत होतो. दुसऱ्या रात्री ताई थांबली आणि मग हळू आवाजात वाचू लागली. क्रमांक ८७ ते ९२. ही सहा कलमे भाऊंनी स्वतः लावली. मी फक्त पाणी घातले.

भाऊ म्हणजे थोरले काका. दादांचे वडील.

माझा हात थांबला. वाचकहो, खरे तेच सांगतो. ही ओळ माहीत असलेली माणसे त्या क्षणी जगात दोनच होती, आणि ज्या फोनात ती होती तो आज-उद्या मिटणारच होता. मी काहीच केले नसते तरी ती ओळ आपोआप नाहीशी झाली असती. पेटी उघडण्यासाठी मी एवढा जिवाचा आटापिटा केला, तो ती मला हवे ते सांगेल या भरवशावर! ताईने एवढेच विचारले, "लिहिलेस ना?" मी लिहिले. पणजोबांच्या कारकुनानेही फाळणीपत्र लिहिताना कोणाच्या तरी विरुद्धची ओळ अशीच लिहिली असेल, असे तेव्हा मनात आले.

सकाळी वही घेऊन दादांकडे गेलो. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि आत हाक मारून दोन कप चहा टाकावयास सांगितले. दोन वर्षांनंतर आमच्या ओठांना त्या घरचा चहा लागला.

त्या साली लक्ष्मीपूजनाला चोपडीच्या जागी आम्ही तीच वही मांडली. तिच्या एका बाजूस पणजोबांचे फाळणीपत्र, दुसऱ्या बाजूस ताईचा जुना फोन. वहीची एक प्रत दादांकडे आहे, एक ताईकडे. आणि भाच्याने सारा मजकूर युनिकोडात उतरवून साध्या मजकुराच्या रूपात तीन ठिकाणी ठेविला आहे. दर दिवाळीला तो उघडून पाहावयाचा, त्या वर्षीच्या नव्या यंत्रावर लागतो की नाही याची खात्री करावयाची, असा घरचा नियम केला आहे. फराळाचे डबे भरतात त्याच दिवशी हे काम होते, म्हणून विसर पडत नाही.

यंत्रे बदलतील. त्यांना थांबविणे आपल्या हाती नाही, आणि थांबवूही नये. परंतु तुमच्या घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाने एखाद्या फोनात काही लिहून, बोलून किंवा टिपून ठेवले असेल, तर यंदाची दिवाळी संपण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहा. ते माणूस जवळ असेल तर त्याच्याच तोंडून वाचून घ्या. आमच्या अण्णांना पडवीत शेजारी बसून, "कलम क्रमांक ८७ कोणी लावले?" एवढे विचारावयाचे राहून गेले होते. आठ वर्षे ते रोज संध्याकाळी तेथेच बसलेले असत.